सुंदररावांचा रविवार

सुंदरराव वाईट माणूस नव्हते, असं आजवर मला निदान दहा जणांनी सांगितलं असेल. त्या दहांपैकी एकालाही त्यांनी फसवलेलं नव्हतं. मला फसवलं, आणि तेही असं की कुणाजवळ बोलायची सोय ठेवली नाही. इतकी वर्षं मी गप्प बसलो. आता दादा नाही, सुंदररावही नाहीत, आणि ज्या चाळीत मी वर्षानुवर्षं मान खाली घालून जिना चढलो ती चाळही निम्मी रिकामी झाली आहे. तेव्हा सांगून टाकतो.

आमची कचेरी फोर्टात होती. गोदीत उतरलेला व्यापाऱ्यांचा माल सोडवून आणायचे कागद आम्ही तयार करायचो. मी नवा कारकून म्हणून चिकटलो तेव्हा सुंदरराव तिथे हेडक्लार्क होते. वय पन्नाशीच्या पलीकडे. गिरगावातलं जुनं प्रभू घराणं. आजोबांच्या वेळी माहीमला नारळाच्या वाड्या होत्या म्हणे. सुंदररावांपर्यंत येता येता त्यातला कोर्टातला कज्जा तेवढा शिल्लक राहिला होता. अंगात अल्पाकाचा काळा कोट, खिशात साखळीचं घड्याळ, आणि बोलणं कायम कुजबुजल्यासारखं. साहेबाने केबिनमधून आरडाओरडा केला तरी हे उत्तर द्यायचे ते हलक्या आवाजात. मला वाटायचं, घसा बसलाय. मग कळलं, तीस वर्षं नदीकाठी बसून ही सवय लागली होती. गळाला मासा लागायचा तर माणसाने आवाज करायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी तो कचेरीतही पाळला, बायकोशी बोलतानाही पाळला.

दुसरी खोड म्हणजे सगळ्यांना 'राजा' म्हणायचं. शिपाई राजा, पानवाला राजा, मीही राजा. पहिल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, "राजा, तुझं अक्षर चांगलं आहे." आमच्या घरात मला आजवर 'मेल्या' याहून मोठी पदवी कुणी दिलेली नव्हती. मी पाघळलो. खोटं कशाला बोलू?

मी लालबागचा. वडील लवकर गेले. मला वाढवलं, शिकवलं ते थोरल्या भावाने. दादा गिरणीत विणकर होता. साच्यावर म्हणजे मागावर चार माणसांइतका तरबेज, पण सूत बघून बघून डोळे अधू झालेले. बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा लावायचा आणि तरीही गर्दीत समोरचा माणूस ओळखताना त्याची पंचाईत व्हायची. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्याने सबंध मजल्याला पेढे वाटले आणि मला बजावलं, "साच्यावर मी आसंय. तू खुर्चीर बस." त्या खुर्चीच्या समोरची खुर्ची सुंदररावांची होती.

आता त्यांच्या मासेमारीविषयी. समुद्राची मासळी त्यांना आवडायची, पण खायला. गळ टाकायचा तो गोड्या पाण्यातच. "समुद्रात मासा चुकून लागतो, राजा. नदीत त्याची मर्जी सांभाळावी लागते," असं ते म्हणत. बदलापूरच्या पुढे उल्हास नदी एक मोठं वळण घेते. तिथला काठ सरकारने गळवाल्यांसाठी मोकळा ठेवला होता. जाळं टाकायला बंदी, पण काठी आणि गळ घेऊन कोणीही यावं आणि दिवसभर बसावं, अशी तिथे चक्क पाटी होती. सुंदरराव त्या पाटीबद्दल असं बोलायचे, जसं आमच्याकडे लोक गावच्या देवळाबद्दल बोलतात. तिथल्या डोहात खडस असतो, मरळ असते, वाम असते. पण जायचं ते दिवाळीनंतरच्या दोन रविवारांपैकी एका रविवारी. त्याआधी पाणी गढूळ असतं, त्यानंतर ते इतकं निवळतं की माशाला माणसाची सावली दिसते. वर्षात दोन रविवार. त्यातला एक त्यांनी मला देऊ केला.

घरी सांगितलं तर दादा हसायला लागला. आम्ही मालवणकडचे. आम्हाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासाच वाटत नाही. "चिखल खाल्ल्यासारखो लागता तो," दादा म्हणाला. "पण जा. साहेब नेतासा तर जा."

सहलीची आखणी सुंदररावांनी कचेरीच्या रिवाजाने केली. एक नवी फाईल उघडली, वर लाल शाईने 'नदी' असं लिहिलं आणि आत कलमं पाडली. कलम एक, वारा. कलम दोन, आमिष. कणीक कुणी भिजवायची, त्यात बडीशेप किती, हिंग किती, पिकलेलं केळं घालावं की नाही. कलम तीन, बसायच्या जागा. नकाशा काढलेला, त्यात माझ्या जागी वसंतचा 'व' आणि त्यांच्या जागी 'सुं'. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसत होतो, तरी ती फाईल फीत बांधून शिपायाच्या हातून माझ्याकडे यायची. मी वाचायची, हरकत असेल तर समासात लिहायची, खाली 'वाचले' म्हणून सही करायची आणि परत पाठवायची. आमिषात केळं नको असं मी एकदा लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं, 'हरकत विचारात घेतली. केळे राहील.'

त्या फाईलीत ते काहीही लपवत नसत. गळ फेकायचा सराव ते गिरगावातल्या आपल्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून करत. खाली चौकात पाण्याची बादली ठेवायची, दोरीला गळाऐवजी लिंबू बांधायचं आणि नेम धरून बादलीत टाकायचं. एका रविवारी मीही गेलो होतो. मला म्हणाले, लिंबाने खरा अंदाज येत नाही, गळच लावतो. लावला, फेकला आणि खालून चाललेल्या शेजारच्या वकिलाची टोपी वर ओढून घेतली. वकील वर बघत राहिले. सुंदररावांनी त्यांना वरूनच, पण हळू आवाजात, "माफ करा राजा" म्हटलं, ते त्या बिचाऱ्याला ऐकूही गेलं नाही. पंधरा दिवस त्या दोघांचं बोलणं बंद होतं. सोमवारी फाईल आली. त्यात लिहिलेलं, 'सराव. टोपी एक. परत केली.' मी हसत हसत सही ठोकली. हा माणूस स्वतःची फजितीसुद्धा नोंदवून ठेवतो, याचं तेव्हा मला केवढं कौतुक.

पण जाणं काही होईना. ते दिवस मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचे होते. लालबाग-परळमध्ये तर घराघरात तेच. पहिल्या वर्षी नेमका त्या रविवारी हरताळ पडला. दुसऱ्या वर्षी संचारबंदी. तिसऱ्या वर्षी दोन्ही रविवारी आमच्या विभागात सभा लागल्या आणि मीच म्हटलं, मला येता येणार नाही. दर वेळी फाईलीत एक ओळ वाढायची, 'तहकूब'. सुंदरराव कुरकुरले नाहीत. फक्त तिसऱ्या वेळी म्हणाले, "राजा, मुंबई आमच्या पणज्याच्या वेळेपासून इथेच आहे. ती कोण उचलून नेतोय?" मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही एकदा तरी सभेला या. ते म्हणाले, गर्दीत मला गुदमरतं. विषय तिथे संपला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माणूस आवडला की आपण त्याच्या तऱ्हेवाईकपणावर हसून मोकळे होतो.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतरचा पहिला रविवार हुकला, दुसरा ठरला. त्याच सुमारास आमच्या विभागाची सत्याग्रहाची तुकडी निघायची होती. मनाईहुकूम मोडून बारा जणांनी पुढे चालायचं आणि अटक करून घ्यायची. मागून विभागातले लोक येणार. बारांत दादाचं नाव होतं आणि माझंही. तुकडीचा दिवस आदल्या दिवशीच कळवायचा असं ठरलेलं, म्हणजे बातमी फुटायला नको. वहिनीला दादाच्या डोळ्यांची काळजी. तिच्यासमोर मी दादाला शब्द दिला, की मी शेजारी असेन आणि त्याचा हात सोडणार नाही. दादा म्हणाला, "तू बरोबर आसलंस तर माका काय्येक भीती नाय." वहिनीने त्या दिवशी मला माशाचा मधला तुकडा वाढला.

शनिवारी सकाळी मी पिशवी घेऊनच कचेरीत आलो. रविवारची पहिली गाडी धरायची म्हणून त्या रात्री मुक्काम सुंदररावांकडे. निघताना मी आमच्या मंडळाच्या शंकरला बजावून आलो होतो, की तुकडीचं काही ठरलंच तर दुपारी दोनच्या आत कचेरीत फोन कर. फोन सुंदररावांच्या टेबलावर असायचा. नंबर मी शंकरला कागदावर लिहून दिला होता. हे सगळं मी अशासाठी सांगतो, की नंतर लोक म्हणाले, हा मजा मारायला गेला. मी सगळी तजवीज करून गेलो होतो.

एकच्या सुमाराला सुंदररावांनी मला बाटल्यांची बुचं आणायला पिटाळलं. गळाच्या दोरीला तरंगायला बूच बांधतात. मी पाऊण तासाने आलो तेव्हा ते फाईलीला फीत बांधत होते.

"माझा फोन आला होता का हो?" मी विचारलं.

"नाही, राजा," ते म्हणाले. वर बघून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. मग बुचं हातात घेऊन एकेक दाबून पाहिलं आणि त्यातली दोन बाजूला काढली.

तो रविवार माझ्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता, आणि हेच मला त्यांना माफ करता येत नाही. त्यांनी मला वाईट दिवस दिला असता तर बरं झालं असतं. उजाडता उजाडता आम्ही त्या काठावर पोचलो. पाणी हिरवट, संथ, त्यावर धुकं. पलीकडे दोन कातकरी बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन चाललेल्या. नकाशात 'व' होता तिथे मी बसलो. आमिष कसं लावायचं, बूच किती वर बांधायचं, ते बुडलं तरी लगेच ओढायचं नाही, पहिला झटका हा नुसता वास घेणं असतो, हे सगळं त्यांनी माझ्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. आठ-साडेआठला माझं बूच थरथरलं. मी ओढणार तोच त्यांनी माझं कोपर धरलं. "थांब," म्हणाले, "अजून थांब." आणि मग, "आता." हातभर खडस. सोनेरी खवल्यांचा. मी ओरडलोच. सुंदररावांनी एवढ्या वर्षांचा नेम मोडला आणि तेही मोठ्याने हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, एवढं मी आजही सांगतो.

त्याच वेळी दादा हिंदमाताच्या नाक्यावर उभा होता. तुकडी आठला जमणार होती. दादाने अर्धा तास सगळ्यांना थांबवून धरलं. वसंता येतलो, वसंता येतलो, म्हणत राहिला. मग शंकर म्हणाला, आता निघायला हवं. थोडं पुढे गेल्यावर पळापळ झाली. कुठून काय झालं ते कुणालाच धड सांगता आलं नाही. दादाला तर चष्मा पडल्यावर काहीच दिसलं नाही. तो चष्मा शोधायला खाली वाकला आणि त्याच्या उजव्या हातावरून लोक गेले.

मी दिवे लागायच्या वेळेला चाळीत आलो, हातात पानात गुंडाळलेला खडस घेऊन. तीन मजले चढलो. प्रत्येक मजल्यावर माणसं गॅलरीत उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं, सगळे मासा बघतायत. आमच्या दाराशी शंकर उभा होता.

"कुठे होतास?" त्याने विचारलं. मी मासा दाखवला. काय मूर्ख मी.

"मी फोन केला होता काल," शंकर म्हणाला. "दीड वाजता. एकाने घेतला. नीट सांगितलं त्याला, उद्या आठ, हिंदमाता. सांगतो म्हणाला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"असं कसं होईल?" शंकर म्हणाला, आणि मग दादाचं सांगितलं.

इस्पितळात दादा पडून होता. हाताला लाकडाच्या पट्ट्या बांधलेल्या. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "माका ठावक आसा. तुका निरोप गावलो नसतलो. नायतर तू रवणारो न्हय." सबंध लालबागमध्ये माझ्यावर विश्वास ठेवणारा तेवढा एक माणूस. बाकीच्यांचं मत वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उंबऱ्यावर कुणीतरी हिरव्या बांगड्या ठेवल्या होत्या, डझनभर. पळपुट्यासाठी. वहिनीने त्या उचलल्या, पाण्याने धुतल्या आणि स्वतःच्या हातात भरल्या. तिचं माप बरोबर बसलं. त्या बांगड्या फुटेपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

चार दिवसांनी कचेरीत गेलो. फोन कोणी घेतला असेल याचा मी खूप विचार केला होता. शिपाई असेल, दुसऱ्या खात्यातला कुणी असेल. सुंदररावांचं नाव मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. मी त्यांना विचारलं होतं आणि ते नाही म्हणाले होते. टेबलावर फाईल येऊन पडली होती, फीत बांधलेली. उघडली. सहलीचा अहवाल. वारा पूर्वेचा. आमिष पसंत पडले, केळ्यासह. खडस एक, वसंत यांनी धरला, पहिलाच. आणि चौथं कलम असं होतं: 'शनिवारी दुपारी दीड वाजता वसंत यांना फोन. निरोप, उद्या सकाळी आठ, हिंदमाता. कळविल्यास सहल पुन्हा तहकूब झाली असती, सबब कळविला नाही.' खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली.

मी ते कलम किती वेळा वाचलं असेल. मग उठून त्यांच्या टेबलाशी गेलो आणि त्यावर बोट ठेवलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात."

"हो," सुंदरराव म्हणाले.

"मग इथे कशाला लिहिलंत?"

"कागदावर खोटं कसं लिहिणार, राजा?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. तोंडाने खोटं बोलणं आणि कागदावर खोटं लिहिणं यांत त्यांच्या लेखी फरक होता. आयुष्यभर कचेरीत घालवलेला माणूस.

"सांगितलं असतं तर तू आला नसतास," ते म्हणाले. "चौथं वर्ष होतं. पाणी तसं पुन्हा मिळालं नसतं. मी म्हटलं, तिथे एवढी माणसं असतात. एक कमी झालं तर कुणाला कळणार आहे?"

"दादाला कळलं," मी म्हणालो. आणि हाताचं सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. ते फाईल आपल्याकडे ओढून घ्यायला लागले. मी घेऊ दिली नाही. त्यांचाच टाक उचलला आणि खाली सही केली, 'वाचले'. का केली ते विचारू नका. त्यांना ते पुढची सगळी वर्षं दिसत राहावं, असं तेव्हा वाटलं असेल. मग फाईल बगलेत मारून मी घरी आणली.

आणली ती चाळीत दाखवायला. त्यांचं अक्षर, त्यांची सही, तारीख, वेळ, सगळं होतं. शंकरसमोर टाकली असती की माझ्यावरचा डाग धुऊन निघाला असता. घरी आलो तर दादा इस्पितळातून आलेला, आणि डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायला शिकत होता. उजव्या हाताची मूठ परत कधी वळली नाही. सुताची गाठ त्या हाताला पुन्हा मारता आली नाही. गिरणीने त्याला दरवाजावर बसवलं, हेही उपकारच. पण शेजारीपाजारी येत होते, त्याचा हात बघत होते, आणि दादा त्यांना सांगत होता, की काय बिघडलं, महाराष्ट्रासाठी गेला. तो हात महाराष्ट्रासाठी गेला म्हणूनच दादाला त्याचं ओझं वाटत नव्हतं. आणि माझ्या बगलेत असा कागद होता, की तो एका माशापायी गेला. मी फाईल तशीच परत नेली आणि सुंदररावांच्या टेबलावर ठेवली. वरिष्ठांना सांगून खुर्ची बदलून घेतली. एकाच कचेरीत आम्ही दोन वर्षं न बोलता काढली. एकदा जिन्यात समोरासमोर आलो तेव्हा ते "राजा" एवढंच म्हणाले. मी बाजूने निघून गेलो.

पुढे राज्य झालं. आमच्या चाळीने रोषणाई केली आणि दादाला शाल आणि नारळ दिला. मी मागे भिंतीशी उभा होतो. मला कुणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी, संध्याकाळच्या चहाच्या वेळेला, सुंदरराव आमच्या दारात उभे राहिले. अल्पाकाचा कोट, धापा टाकत, हातात झाकलेली टोपली. एकटेच नदीवर गेले होते आणि तिथून परस्पर लालबागला आले होते. याआधी ते कधी आमच्याकडे आले नव्हते. मी दारातून हललो नाही. आतून दादाने विचारलं, कोण आहे. सुंदरराव म्हणाले, "वसंतच्या कचेरीतला." आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल इतका मोठा होता.

दादा लगबगीने उठला. साहेब, बसा, म्हणून खुर्ची पुढे केली. वहिनीने चहा आणून ठेवला आणि टोपली घेतली. आत खडस होता, मी धरला होता त्यापेक्षा मोठा. सुंदरराव खुर्चीच्या कडेला बसले. त्यांची नजर दादाच्या हातावर गेली आणि तिथेच राहिली.

"मला एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "त्या शनिवारी जो फोन..."

दोन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो. दार उघडं होतं, गॅलरीत शेजारी होते, शंकर समोरच्याच खोलीत होता. सुंदररावांनी ते मोठ्याने बोलून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी मान वर करून जिना उतरलो असतो.

"त्या फोनाचा सोडा ओ साहेब," दादा मधेच म्हणाला. त्याने तो वाकडा हात उचलून त्यांच्यापुढे धरला. "हेचा माका वायट वाटणा नाय. ह्यो हात मी महाराष्ट्राक दिलंय."

असं म्हणताना तो हसत होता. सुंदररावांनी माझ्याकडे बघितलं. बोलू का, असं ते डोळ्यांनी विचारत होते. पुढचा शब्द त्यांच्या ओठावर होता, आणि तो माझ्या हक्काचा होता.

"चहा घ्या, सुंदरराव," मी म्हटलं. "निवतोय."

त्यांनी कप उचलला. दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. वहिनी म्हणाली, जेवूनच जा, मासा आत्ता होईल. ते नको म्हणाले. दारात त्यांनी माझा खांदा धरल्यासारखं केलं, पण हात खांद्यापर्यंत आला नाही. मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेलो नाही. गॅलरीतून खाली बघितलं. ते रस्त्यावर आले, थांबले, वर बघितलं. दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता आणि तोच हात वर करून त्यांना निरोप देत होता. सुंदररावांनी दोन्ही हात जोडले. बराच वेळ तसेच उभे राहिले. एक हातगाडीवाला त्यांना बाजूला व्हायला सांगत होता, ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मग ते भारतमाता सिनेमाच्या बाजूला वळले आणि गर्दीत दिसेनासे झाले. पुन्हा मी त्यांना बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर गेले आणि महिन्याभराने त्यांनी मुदतीआधीच कचेरी सोडली.

खडसाला काटे फार, बारीक आणि दुहेरी. डाव्या हाताने दादाला ते जमेनात. मी त्याचं ताट पुढ्यात ओढलं आणि काटे काढून तुकडे त्याच्या बाजूला सारत गेलो. दादाने एक तुकडा तोंडात टाकला.

"चिखलाचो वास येणा नाय," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "बरो माणूस रे तुझो साहेब. तीन जिने चढान इलो."

"हो," मी म्हटलं, आणि पुढचा काटा काढला.